टॉय पॉमची पिल्लं काढावीत का? घरात दोन तट पडलेत

जुईली_के

नमस्कार मंडळी,

आमची बर्फी टॉय पॉमेरेनियन आहे, अडीच वर्षांची. गेल्या लसीकरणाच्या वेळी वजन २.४ किलो भरलं होतं. घरात सगळ्यांची लाडकी, सासूबाईंची तर जरा जास्तच. सध्या जेवणाच्या टेबलावर एकच विषय असतो: बर्फीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यायची.

सासूबाईंचं म्हणणं, मादीला एकही वेत झालं नाही तर ती पुढे आजारी पडते, पोटात गाठी होतात, चिडकी होते. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांकडे पांढराशुभ्र नर आहे, त्यालाही ते पॉमच म्हणतात. देखणा आहे, पण बर्फीच्या अडीचपट तरी असेल. ते म्हणतात, "एक पिल्लू मला द्या, बाकीची तुम्ही विका. पिल्लामागे वीस-पंचवीस हजार कुठे गेले नाहीत." पैसे कोणाला नको असतात, पण आमच्याकडे विषय त्यावरून निघालेला नाही.

हल्ली बर्फी माझा एक लोकरी मोजा पळवते, सोफ्याखाली नेऊन कुशीत घेऊन बसते. कोणी हात घातला की गुरगुरते. जेवणाकडे लक्ष नाही. सासूबाई म्हणतात, बघ, तिला लेकरं हवी आहेत. ते बघून माझाही जीव तुटतो.

नवऱ्याचं मत: "तुम्ही दोघी ठरवा, मी ड्रायव्हर."

घरी कोणी लहान जातीच्या कुत्रीची पिल्लं काढली आहेत का? काय काय होऊ शकतं? गोड गोड नको, खरं सांगा.

शेवग्याची_शेंग

आधी पत्रिका बघा. नराला मंगळ नाही ना?

घाटमाथ्यावरचा

नको. मादी २.४ किलोची आणि नर तिच्या अडीचपट. एवढ्यावर माझ्या लेखी विषय संपला.

डोंबिवलीची_राणी

जुईली, आमच्याकडे चिवावा मिक्स होती, मस्तानी. तिचं बाळंतपण अगदी सुरळीत झालं. चार पिल्लं, चारही ठणठणीत, पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण सगळ्यांना वाटतं विण्याची रात्र पार पडली की सुटलो.

आमच्यावर संकट आलं ते पिल्लं तीन आठवड्यांची झाल्यावर. मे महिना, संध्याकाळची वेळ. मस्तानी धापा टाकायला लागली. उकाडा म्हणून पंखा वाढवला. मग ती पिल्लांपाशी थांबेना, घरभर नुसत्या येरझाऱ्या. थोड्या वेळाने लक्षात आलं की तिचे मागचे पाय दुमडतच नाहीयेत, लाकडी घोड्यासारखी ताठ चालतेय. गालाजवळचे स्नायू आपोआप थडथडत होते. रिक्षात माझ्या मांडीवर तिला आचके यायला लागले. दवाखान्यात ताप निघाला १०६.

डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, रक्तातलं कॅल्शियम संपलंय, सगळं दुधात गेलं. शिरेतून कॅल्शियम दिलं, पण ते इतकं सावकाश की बघणाऱ्याचा धीर सुटावा. एका हातात सिरिंज, कानाला स्टेथोस्कोप. ठोके मंदावले की थांबायचं, जरा सुधारले की पुन्हा थेंब थेंब. घाईत दिलं तर हृदयच बंद पडतं म्हणाले. मस्तानी वाचली. पण पिल्लांना पुन्हा अंगावर पाजायचं नाही असं सांगितल्यामुळे पुढचं सगळं बाटलीवर, रात्री गजर लावून.

आणि गाभण राहिल्यापासून तिला कॅल्शियमचं सिरप चालू होतं बरं का, एका "अनुभवी" बाईंच्या सल्ल्याने! डॉक्टर म्हणाले त्यानेच घोळ झाला. का, ते जाणकारांनी सांगावं. मला तेव्हा ऐकून घ्यायचं भान नव्हतं.

नारायणगावचा_पाव्हणा

एवढं काय त्यात राव. आमच्या मळ्यातली कुत्री दर साली कडब्याच्या गंजीखाली विते. सहा-सात पिल्लं. ना सोनोग्राफी, ना सीझर, ना कोणी रात्र जागतं. सकाळी बघावं तर सगळी चुपूचुपू पितायत. शहरातल्या लोकांनी कुत्र्याचं बाळंतपण पण अवघड करून ठेवलंय.

शेवग्याची_शेंग

@पाव्हणा, मळ्यात डिंकाचे लाडू कोण करतं मग?

गुरांची_डॉक्टर

पशुवैद्य आहे, सरकारी नोकरीत गायी-म्हशी आणि संध्याकाळी घरच्या दवाखान्यात कुत्री-मांजरं. म्हणून लिहिते.

पाव्हणं, तुमची कुत्री पंधरा-अठरा किलोची असणार. तिचं पिल्लू जन्मताना साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आईच्या वजनाच्या दोन टक्के. टॉय पॉमचं पिल्लू शंभर-सव्वाशे ग्रॅमचं आणि आई २.४ किलोची. हे झाले पाच टक्के. आई लहान केली म्हणून पिल्लू त्याच प्रमाणात लहान होत नाही, सगळी मेख इथे आहे. त्यात या जातींत आपल्याला गोल मोठं डोकं आवडतं. ते त्याच अरुंद कमरेतून बाहेर यायचं असतं.

आणि गंजीखाली जी अडते, ती मरते. तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. तिच्याबरोबर तिची अरुंद कंबरही संपते, म्हणून गावठी कुत्र्यांत ही अडचण कमी. घरात आपण सीझर करून तिला वाचवतो, वाचवायलाच हवं, पण नंतर तिच्याच मुलीला पुन्हा नर दाखवतो.

टॉय जातीत बहुतेक वेळा एक ते तीन पिल्लं असतात. थोडी आहेत म्हणजे सोपं, असं लोक समजतात. एकच असेल तर पोटातली सगळी जागा आणि सगळं पोषण त्यालाच, ते आणखी मोठं होतं. शिवाय कळा सुरू व्हायचा इशारा पिल्लांच्या शरीरातून जातो. एकट्या पिल्लाचा तो इशारा कधी कधी पुरत नाही, दिवस उलटतात, कळा येतच नाहीत. मग सीझर. आणि अडीच किलोच्या, थकलेल्या, रक्तातली साखर उतरलेल्या जिवाला भूल देणं हे काम कोणाही डॉक्टरला आवडीचं नाही.

राणीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गळ्यात पॅराथायरॉइड नावाच्या ग्रंथी असतात. हाडांतलं कॅल्शियम गरजेनुसार रक्तात सोडणं हे त्यांच्या हुकमावर चालतं. गाभणपणात वरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिलं की त्या सुस्तावतात. व्याल्यावर दुधासाठी मागणी एकदम वाढते, तेव्हा त्या वेळेवर जाग्या होत नाहीत. म्हणून गाभण कुत्रीला चांगला आहार द्या, शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लांचं खाणं दिलं तरी चालतं, पण कॅल्शियम मनाने नाही. दुभत्या गायीचं दुग्धज्वराचं दुखणं गावाकडच्या लोकांना माहीत असतं, जात तीच. फरक इतकाच की गाय बहुधा व्याल्यावर लगेच बसते, कुत्री दोन-तीन आठवड्यांनी.

जुईली, आता मोजा. शेवटचा माज कधी होता?

जुईली_के

डॉक्टर, दिवाळीत. कंदिलाच्या खाली सगळीकडे ठिपके पुसत होते, म्हणून लक्षात आहे.

गुरांची_डॉक्टर

मग हे खोटं गाभणपण. कुत्रीत गर्भ राहो न राहो, माजानंतर साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं हॉर्मोन, चढलेलंच राहतं. ते उतरलं आणि दूध आणणारं प्रोलॅक्टिन वाढलं की शरीराला वाटतं आपण व्यालो. पान्हासुद्धा फुटतो. मोजा, चप्पल, टेडी, जे मिळेल ते पिल्लू. यात इच्छा-बिच्छा काही नाही, हॉर्मोनचं वेळापत्रक आहे. खरी पिल्लं झाली तरी पुढच्या माजानंतर पुन्हा हे होऊ शकतं.

मोजा हळूच नाहीसा करा, फिरायला जास्त न्या. सड चोळू नका, दूध पिळून काढू नका, त्याने आणखी येतं. बहुतेकींचं दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतं. सड लाल, कडक, गरम झाले तर मात्र दाखवायला न्या.

आणि सासूबाईंना सांगा, एकदा व्याल्याने पुढचे आजार टळत नाहीत. गर्भाशयात पू होतो, तो पिल्लं झालेल्या कुत्रीलाही होतो. माजानंतर महिना-दोन महिन्यांनी कुत्री पाणी फार प्यायला लागली, ओकायला लागली, मलूल झाली तर तेच आधी डोक्यात आणायचं. स्तनातल्या गाठींचा धोका लवकर नसबंदी केल्याने कमी होतो, वेताने नाही.

जुना_पुणेकर

अवांतर: तो शेजारचा पांढरा नर पॉम नसावाच. नव्वदच्या दशकात आपल्याकडे दर वाड्यात, दर कॉलनीत जो पांढरा, टोकदार तोंडाचा, दूधवाल्याच्या पायजम्याशी वैर असलेला "पॉमेरियन" असायचा, तो इंडियन स्पिट्झ. इथल्या उकाड्यात टिकणारा, वरण-भातावर वाढणारा. वजन पाच-सात किलो आणि कधी कधी त्याहून जास्त. खरा टॉय पॉम दीड ते साडेतीन किलोत आटोपतो. आमच्या पेठेत नावंसुद्धा ठरलेली होती, नर असेल तर टॉमी, मादी असेल तर पिंकी. आडनाव मालकाचं.

डोंबिवलीची_राणी

आमच्या चाळीत टॉमी होता! पोस्टमनला एकदा खरंच चावला होता.

जुना_पुणेकर

@राणी, सगळेच टॉमी चावायचे. पॉमवर उगाच नाव येतं.

गुरांची_डॉक्टर

पुणेकर, हे अवांतर नाही. टॉय पॉम मादी आणि स्पिट्झ नर म्हणजे पिल्लू बापाच्या वळणावर गेलं की संपलं. लहान जातीत नर मादीपेक्षा लहान असावा, हा पहिला नियम. लागतानासुद्धा दोघं अडकून राहतात, दहा मिनिटं ते अर्धा तास. त्यात नर मोठा असला आणि तो ओढाताण करू लागला तर मादीला आतून इजा होते. लोक घाबरून पाणी ओततात, काठी मारतात. तसं कधीही करू नका, आपोआप सुटतात.

लांबकान्या

माझं मत थोडं वेगळं आहे. मी कोल्हापूर भागात डॅक्सहुंड पाळतो आणि मोजकी वेतंही काढली आहेत, दोन्ही बाजूंची केनेल क्लबची कागदपत्रं असलेली. "लहान कुत्र्यांची पिल्लं काढूच नका" असं कोणी म्हणालं की मला राग येतो. जाणती माणसं बाजूला झाली तर जाती संपणार नाहीत. त्या पत्र्याच्या शेडमध्ये, पिंजऱ्यावर पिंजरे रचून धंदा करणाऱ्यांच्या हातात जातील. दर माजाला वेत, कुत्री थकली की हायवेला सोडून मोकळे.

पण नीट काढायची म्हणजे काय, ते ऐका. मादीचे गुडघे तपासायचे. लहान जातीत वाटी सरकते, कुत्रं चालता चालता एक पाय उचलून तीन पायांवर उड्या मारतं आणि मालकाला ती गंमत वाटते. हृदय, डोळे, दात बघायचे. नर-मादी दोघांचीही ब्रुसेलाची रक्तचाचणी. तो रोग लागताना पसरतो, गर्भ पाडतो आणि माणसालाही होतो. माजात प्रोजेस्टेरॉन तपासून दिवस काढायचा, म्हणजे पुढे ६३ दिवसांचा हिशेब पक्का धरता येतो. पंचावन्नाव्या दिवसाच्या सुमारास एक्स-रे काढून पिल्लं मोजायची. सोनोग्राफीत महिन्याभरात गाभण आहे एवढं कळतं, आकडा फसवतो. आणि रात्री दोनला फोन उचलणारा, सीझर करणारा डॉक्टर आधी ठरवून ठेवायचा.

एवढं केल्यावर हातात काय उरतं? माझ्या वहीत बहुतेक वेतं तोट्यात आहेत. पिल्लामागे वीस-पंचवीस हजार हे गणित फक्त खर्च न करणाऱ्याचं जमतं.

आणखी एक. टॉय जातीतली जाणती माणसं पिल्लांसाठी नेहमी त्यातल्या त्यात थोराड मादी ठेवतात, नाजूक असते ती घरात लाडाला. त्या हिशेबाने बर्फी लाडाचीच आहे. तिला नको.

मोती_माझा_गावठी

@लांबकान्या, शब्द गोड आहेत पण शेवटी धंदाच ना? रस्त्यावर एवढी पिल्लं गाडीखाली येतायत आणि इथे प्रोजेस्टेरॉन मोजतायत. दत्तक घ्या, विषय संपवा.

लांबकान्या

रस्त्यावरची पिल्लं माझ्यामुळे जन्मलेली नाहीत. माझ्याकडून गेलेलं एकेक कुत्रं आज कुठे आहे ते मी सांगू शकतो. न जमल्यास परत माझ्याकडेच द्यायचं, असं लेखी घेतो. किती जण घेतात ते विचारा.

मोती_माझा_गावठी

ठीक. तुमच्यासारखे शंभरात किती?

लांबकान्या

कमी. हे मान्य.

घाटमाथ्यावरचा

अरे, धाग्यावर चक्क दोघांचं एकमत झालं. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

कलम_बहाद्दर

पैशांचा विषय निघालाय म्हणून. प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली श्वान प्रजनन व विक्रीचे नियम २०१७ पासून लागू आहेत. विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी १८ महिन्यांहून लहान नको, ८ वर्षांची झाली की बंद. वर्षात एकाहून जास्त वेत नाही, आयुष्यात पाचाच्या वर नाही. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आता रविवारी कुठल्याही पाळीव प्राण्यांच्या बाजारात जाऊन डोळे मिटलेली पिल्लं मोजा, म्हणजे नियम आणि अंमलबजावणी यांतलं अंतर कळेल. पण "आम्ही घरगुती, आम्हाला काय लागू" म्हणून कानावर हात ठेवू नयेत. पैसे घेऊन विकणार असाल तर आधी माहिती काढा.

उट्रेख्तची_मुग्धा

आमच्याकडे नेदरलँड्समध्ये २०१९ पासून चपट्या तोंडाच्या कुत्र्यांवर कडक नियम आहे. नाकाची लांबी डोक्याच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी असेल तर त्या कुत्र्याची पिल्लं काढायची नाहीत. नॉर्वेत प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२३ मध्ये कॅव्हेलियर जातीचं प्रजनन बेकायदा ठरलं. माझ्या खालच्या मजल्यावर म्हातारा पग आहे, जिन्यात चढताना त्याचा श्वास मला दार बंद असताना ऐकू येतो.

भारतात २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीची पगवाली जाहिरात आली आणि घरोघर पग आले, आठवतंय? ज्यांना जाहिरातीतलं कुत्रं हवं होतं, त्यांना घोरणारं कुत्रं मिळालं.

शेवग्याची_शेंग

घोरण्यावर बंदी आली तर आमच्या घरातले एक सद्गृहस्थ बेकायदा ठरतील.

सातारी_कंदी

कोणी विचारलं नाही तरी सांगते. पिल्लं जातात कुठे? आमच्या शित्झूला पिल्लं व्हायच्या आधी नंबर लागले होते. मावशी म्हणाली एक माझं. ऑफिसातल्या दोघी, जिमवाला, नणंदेची मैत्रीण. पिल्लं झाल्यावर फोटोंना बदाम सगळ्यांचे आले. आठ आठवडे झाले आणि मावशीच्या घरी रंगकाम निघालं. एकीला मुलाची दहावी आठवली. जिमवाल्याला "मेल असता तर घेतला असता".

मधल्या काळात आमचं घर म्हणजे वर्तमानपत्रं, फिनेल आणि कुरतडलेले चार्जर. एक पिल्लू अगदी चांगल्या घरी गेलं म्हणून आम्ही खूश होतो. तीन महिन्यांनी परत आलं, "सोसायटीत तक्रारी होतात". अंगावर गोचीड, शेपटीखाली केसांच्या गाठी, आणि नाव विसरलेलं. ते आता आमच्याकडेच आहे. दोन शित्झूंचं केस विंचरणं हा माझा पूर्णवेळ उद्योग आहे.

रात्रपाळी

जन्मल्यावरचा पहिला आठवडा कोणी लिहिलेला दिसत नाही. मी माणसांच्या रुग्णालयात परिचारिका आहे, तरी मिनिएचर पिंचरच्या पिल्लांनी माझी झोप उडवली होती.

एक पिल्लू ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅमचं होतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटीत फडकं घालून रोज सकाळ-संध्याकाळ वजन. दोन ग्रॅम वाढलं तरी घरात आनंदीआनंद. एवढ्या लहान पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, थरथरतासुद्धा येत नाही. आईने बाजूला सारलं की तासाभरात गार. आणि गार पडलेल्या पिल्लाला लगेच दूध पाजायचं नाही! आतडी थंडावलेली असतात, दूध पचत नाही, फुगून मरतं. आधी हळूहळू ऊब, अंगाशी धरून, मग दूध. तेही गायीचं नाही. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश कितीतरी जास्त असतो, गायीच्या दुधाने पिल्लं भुकेलीही राहतात आणि हगवणही लागते. पिल्लांसाठीची दूध पावडर आधीच आणून ठेवावी लागते.

आई चाटत नसेल तर शी-शूसुद्धा आपणच करवायची. कोमट पाण्यात बुडवलेला कापूस, पोटाखाली हलकेच फिरवायचा, दर वेळी पाजल्यावर. तीन पिल्लांतली दोन जगली. ते ऐंशी ग्रॅमवालं चौथ्या दिवशी गेलं.

कोथरूड_डेपो

वेगळा प्रश्न. आमची छोटी पूडल माजावर असताना जिन्यात खालचा काळू घुसला आणि व्हायचं ते झालं. एकाने सांगितलं लगेच एक इंजेक्शन दिलं की गर्भ राहत नाही. खरं का?

गुरांची_डॉक्टर

इस्ट्रोजेनची जुनी इंजेक्शनं काही जण अजून देतात. त्याने गर्भाशयात पू होण्याचा आणि हाडांतल्या मगजाचं काम मंदावून रक्त कमी होण्याचा धोका असतो. देऊ नका. पुढे पिल्लं नकोच असतील तर सरळ नसबंदी करता येते, डॉक्टरांशी बोलून दिवस ठरवा. लवकर बोला, शेवटच्या दिवसांत ते जड जातं. आणि काळूला लिंगावर गाठी-रक्तस्राव नाही ना बघा. लागण्यातून पसरणारा एक कर्करोग आपल्याकडच्या मोकाट कुत्र्यांत बराच आहे. व्हिन्क्रिस्टिन या औषधाने बरा होतो, पण वेळेवर कळायला हवा.

रक्त थांबलं म्हणजे माज संपला असं समजून लोक पट्टा सोडतात. उलट लागण्याचे दिवस बऱ्याचदा तेव्हाच असतात. तीन आठवडे दार सांभाळा.

जुईली_के

सगळं वाचतेय. रात्री सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. मस्तानीचं ऐकताना त्यांनी बर्फीला मांडीवर घेतलं आणि "हिला नाही हो असलं काही होणार" म्हणाल्या. पण वेताचा हट्ट पूर्ण गेलेला नाही. त्यांचा प्रश्न जसाच्या तसा: "समजा चांगला लहान नर मिळाला, तर?"

आणि शेजारचे गृहस्थ म्हणाले, काळजी कशाला, ओळखीचे एक कंपाउंडर आहेत, कळा अडल्या तर घरी येऊन सुई मारतात, पंधरा मिनिटांत पिल्लू बाहेर.

गुरांची_डॉक्टर

त्या सुईला घराच्या उंबऱ्याआत येऊ देऊ नका.

ती ऑक्सिटोसिनची असते. वाट मोकळी असेल आणि कळा नुसत्या मंद असतील तर उपयोग होतो. पिल्लू आडवं असेल किंवा डोकं अडकलं असेल, तर पुढे रस्ता बंद आणि मागून जोर. गर्भाशय फाटतं. किंवा वार (प्लॅसेंटा) सुटते आणि आतली पिल्लं गुदमरतात. आधी तपासणी, एक्स-रे, मग ठरवायचं. माझ्याकडे अशा "सुई मारून आणलेल्या" कुत्र्या येतात, पिशवीत गुंडाळलेल्या. सगळ्या परत जात नाहीत.

सासूबाईंना नमस्कार सांगा. लहान नर मिळाला तर धोका कमी होतो, संपत नाही. बर्फीची कंबर तेवढीच राहणार, एकुलतं पिल्लू पडण्याची शक्यता तेवढीच, कॅल्शियमचं तेच. माझी कुत्री असती तर मी केलं नसतं.

ज्यांच्याकडे आधीच गाभण आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवते. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा गुदद्वारातून ताप मोजा. एरवी १०१-१०२ असतो, तो ९९ च्या खाली उतरला की साधारण चोवीस तासांत विणार. जोराच्या कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू नाही, किंवा एक झाल्यावर आत आणखी असूनही दोन तास काहीच नाही, तर निघा. पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट-काळं पाणी दिसलं तर एक मिनिटही थांबू नका, वार सुटली आहे. पिल्लू झाल्यावर तसं पाणी दिसणं चालतं. अर्धवट बाहेर आलेलं पिल्लू स्वतः ओढू नका.

लांबकान्या

+१. आणि "टीकप" म्हणून कोणी काही विकत असेल तर तिथून पळा. टीकप अशी कुठलीही जात नाही. वेतातली सगळ्यात अशक्त पिल्लं एकमेकांना लावून, किंवा पोटभर खायला न घालता, किंवा चक्क वय खोटं सांगून ते नाव दिलेलं असतं. टाळू भरलेली नसते, एक वेळचं खाणं चुकलं की साखर उतरून आचके. खरेदीदार म्हणतो किती क्यूट.

नारायणगावचा_पाव्हणा

डॉक्टरबाई, ती पाच टक्क्यांची गोष्ट पटली. काल आमच्या कुत्रीचं पिल्लू कांद्याच्या काट्यावर ठेवून बघितलं, पण आता ते महिन्याचं आहे, दोन किलो भरलं. म्हणजे तुमची बर्फी आमच्या महिन्याच्या पिल्लाएवढी. तिला पोर व्हायचं म्हणजे अवघडच की.

एक पिल्लू शिल्लक आहे, काळं, पायात पांढरे मोजे. जुईलीताई, सासूबाईंना विचारा.

मोती_माझा_गावठी

पाव्हणं, तुमच्या कुत्रीची नसबंदी करून घ्या आधी, दर साली सात म्हणजे काय. जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात बिबट्याच्या तोंडी किती जातात ते तुम्हालाच माहीत.

नारायणगावचा_पाव्हणा

ते बी खरंय. दोन गेली यंदा. तालुक्याच्या दवाखान्यात विचारतो.

जुईली_के

सासूबाईंनी फोटो मागितलाय. नवरा म्हणतो, मी ड्रायव्हर, पण नारायणगावपर्यंत टोल कोण भरणार?

बर्फीचं ठरलं, नसबंदी. डॉक्टर, लगेच करायची की थांबायचं? मोजा लपवल्यापासून आता ती टीव्हीचा रिमोट कुशीत घेऊन बसलीय.

गुरांची_डॉक्टर

रिमोटचं प्रकरण पूर्ण ओसरू दे, सडांतलं दूध आटू दे. खोट्या गाभणपणात शस्त्रक्रिया केली तर ते लांबतं. माजानंतर तीन महिने होतात ना तुमचे, म्हणजे अजून थोडी कळ काढा, पण पुढच्या माजाच्या आत करा. रक्त तपासून घ्या, गुडघेही बघायला सांगा. एवढ्या लहान कुत्रीला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं नसतं, किती तास ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. भुलेत अंग गार पडू नये म्हणून काय व्यवस्था आहे, तेही विचारा. प्रश्नाचा राग आला तर दुसरा दवाखाना बघा.

पॉमलव्हर_पुणे

नमस्कार, धागा वाचला नाही, घाईत आहे. माझ्याकडे मेल पॉम आहे, पांढरा, खूप हेल्दी. फीमेलसाठी इच्छुकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एक पिल्लू घेणार.

शेवग्याची_शेंग

मंगळ?

गुरांची_डॉक्टर

वजन किती आहे त्याचं? आणि ब्रुसेलाचा रिपोर्ट असेल तर इथेच टाका.